टेक्सासला गेल्यावर व्हेज काय मागवायचं?

प्रश्न : ताई, आम्ही दोघं लेकीकडे सॅन अँटोनियोला चाललोय. शाकाहारी आहोत, अंडं चालतं. ती म्हणते टॅको कबानात नेते, पण मेनू बघून डोकं गरगरलं. काय घ्यायचं? – एक वाचक, खारघर

उत्तर : काका, बिनधास्त जा. टॅको कबाना ही टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्सास-मेक्सिकन पद्धतीच्या जेवणाची चेन १९७८ मध्ये सॅन अँटोनियोतच सुरू झाली, म्हणजे लेक तुम्हाला तिथल्या लोकल ठिकाणीच नेतेय.

सकाळी गेलात तर बटाटा-अंड्याचा ब्रेकफास्ट टॅको मिळतो का बघा, मैद्याच्या मऊ टॉर्टियात, म्हणजे पातळ पोळीत गुंडाळलेला, पोट मस्त भरतं. केसो म्हणजे वितळलेलं चीज नि मिरची, चिप्स बुडवून खायचं, पण त्यात कधीकधी खिमा टाकतात तेव्हा साधं मागा. ग्वाकामोले, म्हणजे अ‍ॅव्होकॅडोची चटणी, तर खाच!

खरी गोची बीन्स आणि भाताची. दिसायला आपला राजमा नि टोमॅटो राइस, पण टेक्स-मेक्स स्वयंपाकात बीन्स बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात, भात चिकनच्या पाण्यात शिजवतात, आणि आपल्यासारखा हिरवा ठिपका तिथे नसतो, म्हणून नुसतं 'व्हेज आहे का' विचारून भागत नाही, कारण मांसाचे तुकडे नसले की काउंटरवरचा पोरगा हो म्हणून मोकळा. 'लार्ड (डुकराची चरबी) आहे का, चिकन स्टॉक आहे का' असं स्पष्ट विचारा, टॉर्टियात लार्ड आहे का तेही विचारा. फहिता, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या पट्ट्या टॉर्टियासोबत, मुळात बीफचा, त्यामुळे भाज्यांचा घेतलात तरी तवा वेगळा आहे का ते बघा. चिली कॉन कार्ने म्हणजे मिरची घातलेलं मांसाचं कालवण, त्याच्या वाटेला जाऊच नका.

जिरं भरपूर असतं हो, काकूंना चव आवडेल.