खिशातला ऑक्सिमीटर

"मॅडम, घेतलेली लस अंगातनं काढता येती का?"

मी मनाच्या दुखण्यांवर उपचार करते. कोरोनाच्या लशीबद्दलचा हा प्रश्न थोड्याफार फरकानं मला गेल्या काही वर्षांत पुष्कळांनी विचारलाय. कुणी रक्त पातळ करायच्या गोळ्या विचारतं, कुणी काढा. प्रकाशनं (नाव बदललंय) मात्र खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं आणि खिशातून ऑक्सिमीटर, म्हणजे ऑक्सिजन आणि नाडी दाखवणारं छोटं यंत्र, काढून बोटाला लावला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत वडिलांसाठी घेतलेला. वडील बरे झाले, यंत्र याच्या खिशात राहिलं.

वय चौतीस. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी. गाव पलूसकडचं, म्हणजे कुंडलच्या कुस्तीमैदानाच्या हाकेवर. पोरवयात लाल मातीत घुमलेला, रोजच्या हजार बैठका मारलेला माणूस आता दुकानाचा जिना चढायला बिचकत होता. सहा महिन्यांपूर्वी, दिवाळीच्या सुमारास, त्याचा जिवलग मित्र क्रिकेट खेळता खेळता मैदानातच कोसळला आणि गेला. तेव्हापासून याची छाती धडधडायची, हातापायाला मुंग्या यायच्या, रात्री दचकून उठायचा. मिरजेला जाऊन तीन ईसीजी, एक टू-डी इको, ट्रेडमिलवरची तपासणी, सगळं करून झालेलं. सगळं नॉर्मल. शेवटच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हृदय ठणठणीत आहे, डोक्याचं बघा." हे वाक्य बोलायचीही एक रीत असते. ती साधली नाही की माणूस चौथा ईसीजी काढायला जातो.

त्यात एप्रिल २०२४ च्या अखेरीस एक बातमी आली. कोव्हिशिल्डचं मूळ सूत्र ज्यांचं, त्या अॅस्ट्राझेनेकानं ब्रिटनच्या कोर्टात मान्य केलं की त्यांच्या लशीनं अतिशय क्वचित रक्ताच्या गुठळ्या आणि प्लेटलेट घटण्याचा विकार होऊ शकतो. बातमी खरी होती. पण हा विकार साधारण लस घेतल्यानंतरच्या चार ते बेचाळीस दिवसांत दिसतो, हे व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या मजकुरात नव्हतं. प्रकाशचा दुसरा डोस होऊन अडीच वर्षं उलटली होती.

मी एरवी पहिल्या भेटीत आकडे काढत नाही. पण हा हिशेबाचा माणूस, म्हणून काढले. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं १८ ते ४५ वयाच्या, धडधाकट असताना अचानक गेलेल्या लोकांचा अभ्यास केला. ४७ रुग्णालयं, ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळातले मृत्यू. गेलेले ७२९, आणि तुलनेला त्याच वयाचे, त्याच परिसरातले २,९१६ हयात लोक. लशीनं धोका वाढल्याचं दिसलं नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांत अशा मृत्यूची शक्यता जवळजवळ निम्मी निघाली. वाढलेली दिसली ती कोरोनानं दवाखान्यात भरती झालेल्यांत, घरात आधी कुणी असंच अचानक गेलेलं असलेल्यांत, आधीच्या ४८ तासांत बेसुमार दारू प्यायलेल्यांत, नशा केलेल्यांत आणि फार जोराचे शारीरिक कष्ट केलेल्यांत.

"कष्टानं किती वाढती?"

"साधारण पावणेचार पट."

"मग? म्हणूनच मी मेहनत बंद केलीय." त्यानं परत बोट यंत्रात घातलं.

आकडे द्यायची हीच अडचण. माणूस त्यातलं भीतीला लागेल तेवढं उचलतो. तालमीच्या भाषेत बोलले तेव्हा त्याला पटलं: वस्ताद नवख्या पोराला पहिल्याच दिवशी हजार बैठका सांगतो का? आत लपलेला दोष असेल तर एकदम पडलेल्या ताणानं तो उघडा पडू शकतो. रोजची, बेतानं वाढवलेली मेहनत वेगळी. आणि याचं हृदय तर डॉक्टरांसमोर ट्रेडमिलवर पळून आलेलं.

पुढच्या भेटीत लस मागे पडली आणि कोरोना पुढे आला. "मला झालता की. घरीच होतो, पण झालता." भीती अशी फांदी बदलते. अमेरिकेत दीड लाखाहून अधिक माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्या, त्यात कोरोनानंतर वर्षभर हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला, घरीच बरे झालेल्यांतही थोडा. हे मी त्याच्यापासून लपवलं नाही. पण त्यावरचा उपाय जो, म्हणजे तपासणी, तो त्यानं गरजेपेक्षा जास्तच केला होता.

तिसऱ्या भेटीत तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "स्लॉट मीच बुक केलता त्याचा. नको म्हणत होता. मीच गाडीवर घालून नेला."

मित्राच्या मयतीत कुणीतरी म्हणालं होतं, "लशीनं खाल्ला पोरगा." ते याच्या मनात रुतून बसलं. लस अंगातून काढायची होती ती याच्या नाही, मित्राच्या. सहा महिने हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, मित्राचे वडील कसे गेले? "असंच की. रानात. चाळिशीत." आणि मॅचच्या आदल्या रात्री? लग्नाची हळद होती, पहाटेपर्यंत बसले होते सगळे. शवविच्छेदन झालेलं नाही, त्यामुळे मित्र कशानं गेला हे मी सांगू शकत नाही, आणि तेही त्याला सांगितलं. फक्त अभ्यासातल्या कोणत्या गोष्टी वाढीच्या बाजूला होत्या, ते त्यानं स्वतःच बोटांवर मोजलं. लशीपाशी बोट थांबलं. मग तो रडला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि काही बोलले नाही.

एवढ्यानं सुटका झाली असती तर बरं होतं. पण सवय शरीरात मुरलेली. मी त्याला रोजमेळ ठेवायला सांगितला: नाडी किती वेळा पाहिली. पहिल्या दिवशी ४१. आठवड्यागणिक पाच कमी करायच्या. बायकोला सांगितलं, रात्री दहादा "काही होत नाही तुम्हाला" म्हणायचं बंद करा. हात धरून बसा हवं तर. तिला हे निष्ठुर वाटलं, पण तो दिलासा तासाभरात विरतो आणि माणूस पुन्हा मागतो. माझ्या खोलीत त्याला मिनिटभर मुद्दाम भरभर श्वास घ्यायला लावला. हाताला मुंग्या आल्या. "हेच! हेच हुतं मला!" घाबरल्यावर माणूस नकळत असाच श्वास घेतो, आणि मुंग्या त्याच्याच. नंतर तिथंच दहा बैठका. पुढच्या खेपेला पंचवीस.

(तुम्हाला चालताना, चढताना छातीत दाबल्यासारखं होत असेल, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम येत असेल किंवा भोवळ येत असेल, तर माझ्याकडे नको, आधी दवाखान्यात जा. प्रकाशही तपासण्या झाल्यावरच आला होता.)

चार महिने लागले. मधे गणपतीत शेजारच्या गल्लीत एक तरुण अचानक गेला, तेव्हा रोजमेळ पुन्हा तिशीवर गेला. मग उतरला. मित्राच्या आईकडे जायचं तो टाळत होता. एका रविवारी गेला, स्लॉटचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला ठाव हाय की. त्यानंच सांगितलं हुतं," आणि पिठलं-भाकरी वाढली.

शेवटच्या भेटीत मी ऑक्सिमीटरचं विचारलं. घरी आहे म्हणाला. चालत नाही आता. त्यातले सेल बायकोनं काढून टीव्हीच्या रिमोटला घातलेत.