मुंबईच्या गिरण्या कम्युनिस्टांनी बंद पाडल्या हे खरं आहे का?

नाही. पहिला घोळ म्हणजे 1982 च्या गिरणी संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत, त्यांना लोक कम्युनिस्ट समजतात. डॉक्टर काँग्रेसच्या तिकिटावर आमदार झालेले, लाल बावट्याशी, म्हणजे कम्युनिस्टांशी, त्यांचं कधी फार जमलं नाही. गिरणगावातला बावटा म्हणजे 1928 चा संप, गिरणी कामगार युनियन, कम्युनिस्ट नेते डांगे. त्याची ताकद 1982 च्या आधीच ओसरली होती. 1970 च्या जूनमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला, पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नीला हरवून शिवसेनेचा पहिला आमदार आला, तिथेच काय ते समजा.

आता हा प्रश्न मला का झोंबला ते सांगतो. आमचे बाबा गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागावर होते. माझ्या मावशीचे यजमान, आम्ही काका म्हणतो, दुसऱ्या एका गिरणीच्या ऑफिसात क्लार्क. संप लांबला तेव्हा ऐन गणपतीत काका चाळीत येऊन बाबांना सांगून गेले की गुपचूप पाळीवर जा, पोरांच्या पोटाचं बघ, बावटेवाले काय घालणारेत का जेवायला. बाबा गेले नाहीत. आई डबे करायला लागली, मला आणि ताईला गावी आजीकडे धाडलं, बाबा नंतर एका सोसायटीत वॉचमन झाले.

पुढे काकांच्या मुलाने लोअर परळला फ्लॅट घेतला, गिरणीच्याच जमिनीवरचा टॉवर. वास्तुशांतीला काका बाबांना खिडकीपाशी नेऊन म्हणतात, "बघा भाऊजी, याला म्हणतात भांडवलशाही, तुमच्या बावट्याने नुसतं उपाशी ठेवलं." बाबांनी शांतपणे विचारलं मेंटेनन्स किती येतो, आणि आकडा ऐकून जिलबी घ्यायला गेले. ते गप्प बसले पण मला राहवेना.

काय भांडवलशाही? मालकांनी वर्षानुवर्षं जुनी मशिनं बदलली नाहीत, संपात काम भिवंडीच्या पॉवरलूमवर वळवलं, आणि मग लक्षात आलं की कापडापेक्षा खालच्या जमिनीला भाव आहे. 1991 चा नियम होता की जमीन विकायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. 2001 मध्ये सरकारने बदल केला की ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, गिरणी पाडून जी मोकळी होईल तिची नाही. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. म्हणजे ज्या मार्केटचं काका कौतुक करतात त्याला सरकारने नियम वाकवून दिला होता, आणि समाजवाद मात्र म्हणे आम्हाला फुकट पाहिजे होता!

उलट अडीच लाख कामगारांचा संप ज्या कायद्यावर अडला, तो 1946 चा, एका धंद्यात एकच मान्यताप्राप्त युनियन असं सांगणारा. कामगार सामंतांकडे, मान्यता काँग्रेसवाल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. मग बोलणी कुणाशी करणार?

बाकी लाल बावटेवाले काय धुतल्या तांदळासारखे नव्हते, डांगेंच्या पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला होता हे मी विसरलेलो नाही. आणि डॉक्टरांकडेही माघारीचा रस्ता नव्हता, संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. पण तुमचा प्रश्न गिरण्या कुणी बंद पाडल्या हा असेल तर आधी त्या जागांवर आज काय उभं आहे ते बघून या, परळ ते लोअर परळ चालतच जा.

आणि काका, तुम्ही हे ॲप वापरता मला माहितीये. त्या एक तृतीयांशाचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.