मेन लाईन गेली की पॅकेट दोन राउटरमध्येच फिरत बसतात, बॅकअप असूनही असं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन शाखा, प्रत्येकीची हेड ऑफिसला वेगळी लाईन, आणि बॅकअप म्हणून दोन शाखांच्या मधे एक लिंक. लाईन पडली की ट्रेसरूटमध्ये (पॅकेट कुठल्या कुठल्या राउटरमधून जातं ते दाखवणारी कमांड) तेच दोन पत्ते आलटून पालटून येत राहतात. हे थांबवायचं कसं?

हा लूप मी स्वतःच्या हाताने बनवलाय, म्हणून लिहितोय.

सांगलीतल्या एका पतसंस्थेचं नेटवर्क माझ्याकडे होतं. हेड ऑफिस सांगलीत, शाखा मिरजेला आणि तासगावला. दोन्हीकडून हेड ऑफिसपर्यंत फायबर, आणि मिरज-तासगावच्या मधे २ एमबीपीएसची एक स्वस्तातली लाईन. मिरजेच्या राउटरला सांगून ठेवलेलं की हेड ऑफिस दिसेनासं झालं तर तासगावकडे टाक. तासगावला सांगितलेलं की मिरजेकडे टाक. जास्त डिस्टन्स (म्हणजे कमी पसंती) देऊन ठेवलेले दोन स्टॅटिक राऊट, म्हणजे हाताने टाकलेले रस्ते, बस्स. एकेक फायबर काढून बघितली, दोन्ही वेळा झकास चाललं. मी खूश.

पण हेड ऑफिसजवळ शेवटच्या टप्प्यात दोन्ही फायबर एकाच चरातून येत होत्या. हे मला जेसीबीने दोन्ही एकदम तोडून दाखवलं.

त्या दिवशी मिरजेतून ट्रेसरूट मारला तर १०.२०.०.१, १०.३०.०.१, पुन्हा १०.२०.०.१, पुन्हा १०.३०.०.१... तीस ओळी तेच. विंडोजमधून निघालेल्या पॅकेटचा टीटीएल (किती राउटर ओलांडायचे याची मर्यादा) १२८ असतो. प्रत्येक राउटर त्यातला एक कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. म्हणजे एकेक पॅकेट त्या बिचाऱ्या लाईनवरून साधारण सव्वाशे वेळा जाणार. काउंटरवरच्या कॉम्प्युटरची मिळून ४० केबीपीएसची धडपड असली तरी लाईनवर ५ एमबीपीएसचा बोजा. शाखाशाखांमधलं जे काम चालू राहू शकलं असतं, तेही त्यात बुडालं.

असं का होतं ते सांगलीकराला पटकन कळेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. अशा वेळी समजा तुम्ही कुणाला विचारलं, ‘कोल्हापूरचा रस्ता चालू आहे का हो?’ तो म्हणतो, ‘आहे की, मघाशी एकजण सांगत होता.’ आणि तो एकजण म्हणजे सकाळचे तुम्हीच! आरआयपीसारखे जुने राउटिंग प्रोटोकॉल (राउटरांनी आपसात रस्ते ठरवायच्या पद्धती) अशाच ऐकीव माहितीवर चालतात. दर ३० सेकंदांनी शेजाऱ्याला आपली अंतरं (किती राउटर पलीकडे) सांगायची. रस्ता तुटला की दोघे एकमेकांचीच बातमी एकमेकांना एकेक वाढवून सांगत बसतात. म्हणून तिथे १६ म्हणजे अनंत असं ठरवून टाकलंय, १६ झाले की रस्ता मेला. ‘ज्याच्याकडून ऐकलं त्यालाच परत सांगायचं नाही’ हा स्प्लिट होरायझनचा नियम दोघांपुरता कामी येतो. तिघांचा फेरा झाला की तोही फसतो.

आता मुद्द्याचं. शेजारी बॅकअप म्हणून धरावा की नाही, हे कशावरून ठरवायचं? त्याचा रस्ता माझ्याच दारावरून जातोय का, एवढंच बघायचं. समजा माझं हेड ऑफिसपर्यंतचं अंतर (किलोमीटर नव्हे, लाईनींना दिलेल्या आकड्यांची बेरीज) १० आहे आणि शेजारी म्हणतो माझं ८. त्याचा रस्ता माझ्यामार्गे असता तर त्याचं अंतर १० च्या वरच भरलं असतं. म्हणजे तो बिनधोक. दुसरा शेजारी म्हणतो माझं १४. हे कदाचित माझ्यापर्यंतचे ४ आणि माझे १० असतील, संशयाला जागा आहे. ईआयजीआरपी हा राउटिंग प्रोटोकॉल अशा शेजाऱ्याला तयार बॅकअप मानतच नाही. मला हा नियम फार आवडतो. पॅकेट नेहमी उताराकडेच द्यायचं, आणि मिरज तासगावपेक्षा उतारावर, तासगाव मिरजेपेक्षा उतारावर, हे दोन्ही एकदम खरं होऊच शकत नाही. माझे ते दोन स्टॅटिक राऊट नेमकं तेच म्हणत होते.

ओएसपीएफ या दुसऱ्या प्रोटोकॉलकडे सगळा नकाशा असतो, त्यामुळे त्याला थोडं सैल राहता येतं. तिथली लूप-फ्री अल्टरनेटची (लूप न होणाऱ्या तयार बॅकअप शेजाऱ्याची) अट (आरएफसी ५२८६, २००८) अशी: शेजाऱ्याचं हेड ऑफिसपर्यंतचं अंतर हे ‘शेजारी ते मी’ अधिक ‘मी ते हेड ऑफिस’ यापेक्षा कमी हवं. तोच १४ वाला शेजारी घ्या: मधली लिंक ६ ची असेल तर १४ हे ६ अधिक १०, म्हणजे १६ पेक्षा कमी, म्हणून चालतो. लिंक ४ ची असेल तर १४ आणि १४ बरोबरी, नाही चालत. पण हा हिशोब एकच लाईन तुटेल असं धरून केलेला असतो. दोन्ही एकदम गेल्या तर इथेही पॅकेट थोडा वेळ फिरतात, नवा नकाशा तयार होईपर्यंत. त्यानंतर हेड ऑफिसचा राऊटच टेबलातून जातो आणि पॅकेट जागच्या जागी टाकलं जातं.

मी शेवटी दोन्ही स्टॅटिक काढून तिन्ही लाईनवर ओएसपीएफ चालवला. त्यात एक खोच आहे. मधे मीडिया कन्व्हर्टर (फायबर साध्या नेटवर्क केबलला जोडणारा डबा) असेल तर फायबर तुटूनही राउटरचा पोर्ट बऱ्याचदा अप दिसतो, मग शेजारी गेल्याचं कळायला नेहमीच्या सेटिंगवर ४० सेकंद लागतात. राउटरला जमत असेल तर बीएफडी (शेजारी जिवंत आहे का हे झटपट तपासत राहणारी सोय) लावा.

तुम्हाला स्टॅटिकवरच राहायचं असेल तर बॅकअप एकाच दिशेने ठेवा. मिरज तासगाववर अवलंबून असेल तर तासगावने कधीही मिरजेकडे बघायचं नाही, त्याला वेगळ्या कंपनीचं ४जी द्या, व्हीपीएन टाकून. तासगावची फायबर आणि ४जी दोन्ही गेलं तर पॅकेट टाकून देणारा एक ब्लॅकहोल राऊट सगळ्यात जास्त डिस्टन्सने ठेवा. आणि तपासणीचा पिंग थेट हेड ऑफिसच्या सर्व्हरला, ज्याची तपासणी करायची त्याच लाईनमधून जाईल असा बांधून मारा. नुसता गेटवे तपासला तर पुढे चर खणलेला कळत नाही.

(स्विचमधला लूप हे वेगळं प्रकरण. इथरनेट फ्रेमला टीटीएलच नसतो, त्यामुळे ती सव्वाशेवरही थांबत नाही. स्पॅनिंग ट्री (स्विचमधले लूप आपोआप तोडणारी सोय) बंद करू नका, ‘पोर्ट चालू व्हायला वेळ लागतो’ म्हणून तर नकोच.)

सगळं झालं की एखाद्या रविवारी दोन्ही फायबर एकदम काढा. तासगावचं ४जीही बंद करा आणि ट्रेसरूट मारा. तेच पत्ते परत परत दिसले तर अजून काम बाकी आहे. एखाद-दुसऱ्या ओळीनंतर ‘अनरीचेबल’ आलं, की केबल परत लावून घरी जा.