साठ वर्षांपूर्वीची फेरारी शेकडो कोटींना का विकली जाते?

तुमचा प्रश्न असा आहे की ज्या गाडीत ना एसी, ना पॉवर स्टिअरिंग, तिच्यासाठी कुणी ३०० कोटींच्या वर का मोजावेत. ‘मोजक्याच उरल्यात म्हणून’ हे उत्तर नेहमी मिळतं, पण ते अपुरं आहे. माझ्या मते खरी किंमत असते ती गाडीच्या ओळखीची, म्हणजे चेसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) ठोकलेल्या नंबरची आणि त्या नंबरमागच्या अखंड कागदपत्रांची.

फेरारी २५० जीटीओचंच बघा. १९६२ ते १९६४ या काळात ३६ गाड्या बनल्या. तीन लिटरचं व्ही-१२ इंजिन, त्यावर सहा वेबर कार्बोरेटर, ताकद सुमारे ३०० अश्वशक्ती. नवी असताना अमेरिकेत किंमत होती १८,००० डॉलरच्या आसपास. शर्यतीत मागे पडल्यावर, साठच्या दशकाच्या अखेरीस, यातल्या काही गाड्या जुन्या बाजारात अवघ्या काही हजार डॉलरला गेल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या लिलावात ३४१३ जीटी क्रमांकाची गाडी गेली ४ कोटी ८४ लाख ५ हजार डॉलरला, त्या वेळच्या दराने साधारण ३४० कोटी रुपये. (हातोडा पडला, म्हणजे बोली थांबली, ४ कोटी ४० लाखांवर. वरचे ४४ लाख ५ हजार हे लिलावगृहाचं खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशन: पहिल्या अडीच लाखांवर १२ टक्के, पुढच्या रकमेवर १० टक्के. बातम्यांतले आकडे बहुतेक वेळा कमिशन धरून असतात, त्यामुळे दोन लिलावांची तुलना करताना हे आधी तपासा.)

नुसती दुर्मीळता पुरत नाही. फसलेल्या सेडानचा एकुलता एक नमुनाही दुर्मीळच असतो, पण त्याला गिऱ्हाईक नसतं. जीटीओने शर्यती जिंकल्या, ती रस्त्यावरही चालवता येते आणि आजही जुन्या गाड्यांच्या मोठ्या शर्यतींत तिला प्रवेश मिळतो. हा प्रवेश फार महत्त्वाचा. उदाहरणार्थ, इटलीतल्या आजच्या मिले मिलिया या जुन्या गाड्यांच्या शर्यतीत १९२७ ते १९५७ या काळात मूळ शर्यतीत उतरलेली मॉडेलंच घेतात. त्या यादीत बसणारी गाडी आणि न बसणारी तिची जुळी बहीण यांच्या भावात म्हणूनच फरक पडतो.

धातूमुळेही पडतो. मर्सिडीज ३०० एसएलची वर उघडणाऱ्या दारांची कूपे १,४०० बनली; त्यातल्या फक्त २९ ॲल्युमिनियमच्या बॉडीच्या, सुमारे ८० किलोने हलक्या. पोलादी बॉडीची चांगली गाडी दहा-पंधरा लाख डॉलरच्या घरात असताना ॲल्युमिनियमची एक २०२२ च्या जानेवारीत ६८ लाख २५ हजारांना विकली गेली. त्याच वर्षी मे महिन्यात स्टुटगार्टला मर्सिडीजच्याच ३०० एसएलआर उलेनहाउट कूपेने १३ कोटी ५० लाख युरो आणले. अशा दोनच बनल्या, आणि दुसरी कंपनीने स्वतःकडे ठेवली आहे. पुन्हा कधी संधी येईल की नाही, या धास्तीचाच तो भाव.

आता तपासणीकडे येऊ, कारण पैसा बुडतो तो इथे. चेसिसच्या नळीवरचा नंबर भिंगाखाली बघतात. कारखान्यात आकडे हाताने एकेक ठोकलेले असत, त्यामुळे ते किंचित वरखाली असतात. एका रेषेत आलेले गुळगुळीत आकडे, भोवती ग्राइंडरचे ओरखडे किंवा तेवढाच भाग पातळ झालेला दिसला, तर नंबर नंतर ठोकला असल्याची शंका घ्यायची. मग इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचे नंबर कारखान्याच्या नोंदींशी जुळवायचे. त्यानंतर शर्यतीचे जुने फोटो काढून गाडीशी ताडत बसायचं: जीटीओच्या नाकावरच्या इंग्रजी डी आकाराच्या तीन खिडक्या, फेंडरवरच्या फटी, रिव्हेटांची जागा. अपघातामुळे किंवा सुधारणा म्हणून पत्रा बदललेला असणं हा दोष नाही. ३४१३ जीटीलाच १९६४ मध्ये नवी बॉडी चढली होती. ते लपवणं हा दोष. रंगाची जाडी मोजताना एक चूक हमखास होते: चुंबकावर चालणारा मीटर ॲल्युमिनियमवर काहीच सांगत नाही, एडी करंटचाच (धातूत विजेचे भोवरे उठवून मोजणारा) लागतो. आकडा मध्येच काही शे मायक्रॉनने उसळला, तर खाली पुट्टी (खड्डे बुजवणारा लेप) आहे.

सगळ्यांत महाग घोटाळा मालकीचा. ०३८४ एएम क्रमांकाच्या फेरारी ३७५ प्लसचे भाग १९८० च्या दशकात ओहायोतून चोरीला गेले. २०१४ मध्ये ती एक कोटी पौंडांहून जास्त किमतीला विकली गेल्यावरही भांडण कोर्टात चालूच राहिलं. म्हणून मालकांच्या साखळीत एक जरी वर्ष कोरं असलं तरी भाव कोसळतो.

आणि भाव चढतच राहतो असंही नाही. १९८९ च्या सुमारास जीटीओ एक कोटी डॉलरच्या पुढे गेली होती, नव्वदच्या दशकाच्या मध्यात ती त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मिळत होती. उधारीवर घेणारे त्यात भाजले.

आपल्याकडे २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हीए’ मालिकेत नोंद होते, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात. अट हीच की चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं. घरात आजोबांची फियाट उभी असेल तर काढलेला कार्बोरेटर भंगारात देऊ नका, आणि पहिलं आरसी बुक जपून ठेवा.