राणी कुणाकडे आहे ते सोडा, कुणाकडे असली तर चालेल ते सांगा

प्रश्न (पुणे): आमच्या नेहमीच्या चौकडीत रबर ब्रिज चालू होतं, मी दक्षिण, कॉन्ट्रॅक्ट तीन नो ट्रम्प (हुकूम नाही, नऊ हात करायचे), समोरचे दोघं बोलीत गप्प. डमीत, म्हणजे भिडूच्या उघड्या पानांत, इस्पिक सत्ती चव्वी, बदाम राजा छक्की पंजी, चौकट एक्का गुलाम दश्शी नव्वी चव्वी, किलवर राजा राणी तिर्री. माझ्याकडे इस्पिक एक्का अठ्ठी तिर्री, बदाम एक्का नव्वी दुर्री, चौकट राजा अठ्ठी सत्ती, किलवर एक्का अठ्ठी पंजी दुर्री. पश्चिमेने इस्पिकचा राजा उतरला. मी दोन हात सोडले (एक्का असून घेतले नाहीत), तिसऱ्या वेळी एक्का घेतला. पूर्वेने दुर्री, छक्की, दश्शी अशी चढती पानं टाकली, ही विषम संख्येची खूण, म्हणजे तिची तीनच आणि पश्चिमेची पाच. म्हणजे बाकी पानांसाठी पश्चिमेकडे जागा आठ, पूर्वेकडे दहा, मग चौकटची राणी पूर्वेकडे असायचा चान्स जास्त. म्हणून डमीतला एक्का वाजवला, मग तिथूनच गुलाम लावला, वर राजा न घालता जाऊ दिला, पश्चिमेने राणीने घेतला आणि उरलेली दोन इस्पिकं वाजवली. एक डाउन, म्हणजे एक हात कमी. भिडू म्हणतो अतिशहाणपणा केलास, मी म्हणतो नशीब खराब. कोण बरोबर?

उत्तर: भिडू. पण तुमचं गणित चुकलेलं नाहीये हो, 10 विरुद्ध 8 म्हणजे राणी पूर्वेकडे असायची शक्यता साधारण 56 टक्के, ते बरोबरच आहे. घोळ असा की तुम्ही जो प्रश्न सोडवला तो या डावात विचारलेलाच नव्हता.

आधी हात मोजू. इस्पिकचा एक, बदामचे दोन, चौकटचे दोन, किलवरचे तीन, झाले आठ. हवेत नऊ. म्हणजे चौकटमधून फक्त एक जास्तीचा हात पाहिजे, आणि राणी कुणालाही गेली तरी तो मिळतोच, कारण राणी गेल्यावर तुमचे चौकटचे चार हात तयार आहेत. मग भीती कसली? भीती एवढीच की राणी ज्याला जाईल त्याच्याकडे वाजवायला इस्पिक उरलेलं असेल का. पश्चिमेकडे दोन उरलीत. पूर्वेकडे एकही नाही, कारण तुम्हीच दोन हात सोडून तिची इस्पिकं संपवलीत! इतकं सुंदर काम करून ठेवलं आणि मग फिनेस (वरचं पान आधी खेळणाऱ्याकडे असेल असं धरून खालच्या पानाने हात मारायचा प्रयत्न) नेमका उलट्या बाजूने घेतला, म्हणजे चोराला किल्ली दिली की.

एक्क्याने हात घेतला तेव्हा तुम्ही आपल्याच पानांत होतात. तिथूनच चौकटचा राजा वाजवायचा (राणी एकटी असेल तर तिथेच पडते), मग सत्ती लावून पश्चिमेने बारीक टाकलं की डमीतून गुलाम. राणी पश्चिमेकडे असेल तर पाचही चौकट तुमचे, एकूण अकरा हात. पूर्वेकडे असेल तर ती राणी घेईल आणि मग काय लावेल? इस्पिक तर नाही, बदाम किंवा किलवर लावलं की तुमचं आहेच. दहा हात. आणि इस्पिकं चार-चार निघाली, म्हणजे पूर्वेकडे एक लपलेलं असलं तरी ते इस्पिकचे तीन आणि राणी एवढेच चार हात घेऊ शकतात, नऊ तुमचे. म्हणजे या बाजूने खेळलात तर डाव बुडतच नाही, आणि तुम्ही मात्र 56 टक्क्यांवर पैज लावून बसलात. जास्तीच्या हाताचे 30 पॉइंट, त्यापायी अख्खा गेम पणाला.

दोन हात सोडायचे हे कुठून आलं असं बाकीचे वाचक विचारतील. नो ट्रम्पमध्ये त्या रंगात एक्का एवढाच अडसर असेल तर सातातून त्या रंगातली आपली आणि डमीची मिळून पानं वजा करायची, उरेल तितक्या वेळा सोडायचं. इथे तीन आणि दोन पाच, उरले दोन. शिवाय तिसऱ्या इस्पिकवर डमीतून काय टाकायचं तेही आधीच ठरलेलं पाहिजे, बदामची पंजी टाका, चौकटला हात लावायचा नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने बोलतो. हाच डाव डुप्लिकेट पेअर्सला असता, म्हणजे तीच पानं सगळ्या जोड्या खेळतात आणि किती फरकाने नाही तर किती जोड्यांना मागे टाकलं ते मोजतात, तिथे तुमचा फिनेस अगदीच टाकाऊ म्हणता येणार नाही, कारण जास्तीच्या एका हातावरही तिथे टॉप, म्हणजे सगळ्यात वरचे गुण, मिळतो. रबरमध्ये आणि टीममध्ये मात्र माफी नाही.

प्रश्न (न्यू जर्सी): बीबीओवर (ब्रिज बेस ऑनलाइन) खेळतो. शिकताना सांगितलं होतं की दोघांत मिळून आठ पानं असतील तर राणीवर फिनेस, नऊ असतील तर एक्का राजा वाजवून राणी पाडायची. नऊ असताना दोनदा तसं केलं, दोन्हीदा राणी पडली नाही. नियम खोटा का?

उत्तर: खोटा नाही, पण लोकांना वाटतो तेवढा जाडजूडही नाही. नऊ पानं आपली म्हणजे चार बाहेर, ती दोन-दोन वाटली जायचा चान्स साधारण 41 टक्के, तीन-एक जवळपास 50, चार-शून्य 10 च्या आत. एक्का वाजवला, दोघांनी बारीक पान दिलं, परत लावल्यावर समोरच्यानेही बारीक दिलं, त्या क्षणाला राणी पडायचा चान्स 52 आणि फिनेसचा 48. बास, एवढाच फरक! म्हणजे बाकी काहीच माहिती नसेल तेव्हाच हा नियम, आणि बाकी काहीच माहिती नाही असं ब्रिजमध्ये फार क्वचित होतं. समजा पश्चिमेने पहिलीच बोली तीन बदाम दिली, म्हणजे सात बदाम तिच्याकडे, तुमच्या दोघांत मिळून चार, म्हणजे पूर्वेकडे दोनच. आता मोकळ्या जागा पश्चिमेकडे सहा, पूर्वेकडे अकरा, इथे कोण राणी पाडायला जातंय, सरळ पूर्वेवर फिनेस घ्या.

आणि राणीबरोबर गुलामही बाहेर असेल तर गोष्ट वेगळी, हे बरेच अनुभवी लोकही गडबडतात. समजा डमीत त्या रंगाचा राजा, दश्शी आणि दोन बारीक, तुमच्याकडे एक्का आणि चार बारीक. एक्का वाजवला आणि पूर्वेकडून गुलाम पडला. नऊ आहेत म्हणून आता राजा वाजवायचा? नाही, लावा आणि पश्चिमेने बारीक टाकलं की डमीतून दश्शी. कारण पूर्वेकडे राणी-गुलाम दोन्ही असते तर ती कधी राणी टाकती कधी गुलाम, तिला चॉइस होता, एकटा गुलाम असेल तर चॉइसच नाही. त्यामुळे गुलाम पडलेला दिसला की तो एकटा असायची शक्यता जवळपास दुप्पट होते. पटत नसेल तर कागदावर मांडून बघा, पहिल्यांदा कुणालाच पटत नाही.

प्रश्न (नाशिक): आम्ही मेंढीकोटवरून ब्रिजकडे आलो. मिस्टर म्हणतात डाव हातात आला की आधी समोरच्यांचे सगळे हुकूम काढून टाकायचे. मला ते दरवेळी बरोबर वाटत नाही.

उत्तर: तुमचं बरोबर आहे ताई. काढायचे, पण डमीतल्या हुकमांना काही काम आहे का ते बघून. चार इस्पिकचा डाव घ्या (हुकूम इस्पिक, दहा हात हवेत): तुमच्याकडे इस्पिक एक्का राणी गुलाम दश्शी छक्की, बदाम एक्का सत्ती तिर्री, चौकट राजा आणि दोन बारीक, किलवर दोन बारीक. डमीत इस्पिक राजा अठ्ठी पंजी, बदाम एकच बारीक, चौकट एक्का आणि चार बारीक, किलवर चार बारीक. मिस्टरांसारखे तीनदा हुकूम काढले तर डमीतले संपले, आणि हात मोजा: इस्पिकचे पाच, बदामचा एक, चौकटचे दोन, आठ. दोन कमी, आणि ते दोन डमीतूनच यायचे होते.

समोरच्यांकडून पहिल्याच हाताला चौकटची राणी आली तर डमीतल्या एक्क्याने घ्या, बदामचा एक्का वाजवा, दुसरं बदाम डमीत पंजीने मारा, इस्पिकची अठ्ठी लावून परत आपल्याकडे या, तिसरं बदाम मारा ते राजाने. हो, राजाने, तुमच्याकडे राणी गुलाम दश्शी आहेतच, बारीक हुकूम मारला आणि वरून कुणी नव्वी मारली तर हात फुकट जाईल. मग चौकटच्या राजाने परत या आणि आता खुशाल हुकूम काढा. मिस्टरांना सांगा, डमीकडे मारण्यासारखं काहीच नसेल तेव्हा त्यांचाच नियम पाळू.

प्रश्न (बडोदा): घरचे म्हणतात पत्ते म्हणजे नशिबाचा खेळ. काय उत्तर द्यावं?

उत्तर: डुप्लिकेट दाखवायला घेऊन जा. तिथे एकदा वाटलेली पानं बोर्डात भरून टेबलाटेबलावर फिरतात, म्हणजे तुम्हाला जी तेरा मिळाली तीच त्या दिशेला बसलेल्या बाकीच्यांनाही मिळतात, आणि त्याच पानांवर कुणी नऊ हात करतो कुणी दहा. 2018 ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुषांच्या पेअर्समध्ये भारताला गोल्ड मिळवून दिलं, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते. नशिबावर एवढ्या बोर्डांमधून गोल्ड येत नाही.

प्रश्न (ठाणे): डमी उघडली की मी विचार करत बसते, भिडू वैतागतो. किती वेळ घेतला तर चालतं?

उत्तर: क्लबात एका डावाला साधारण सात-आठ मिनिटं धरतात. त्यातली दीड-दोन मिनिटं पहिल्याच हाताला, डमीतलं पान सांगायच्या आधी घ्या, मग पुढे पटपट होतं. वैतागायला भिडूला काय, तो डमी आहे, त्याला चहा आणायला पाठवा.