लालबाग सुधारेल हो, पण आईचे सोळा लाख दोनदा कसे खर्च करणार?

पत्र डोंबिवलीहून आलंय. वय ३९, हातात पगार ८५ हजार, बायको घरी शिकवण्या घेते, मुलगी तिसरीत, ६६ वर्षांची आई सोबत राहते. वडील गिरणीत होते, संपानंतर कसेबसे दिवस काढले आणि १९९७ ला लालबागची खोली विकून सगळे डोंबिवलीच्या छोट्या फ्लॅटमध्ये आले. वडील आता नाहीत. आता त्याच भागात, भारतमाता सिनेमापासून पाच मिनिटांवर, एका जुन्या चाळीत १८० स्क्वेअर फुटांची पागडीची खोली (म्हणजे मालकी नाही, भाडेकरूचा हक्क) ६२ लाखांना मिळतेय. एजंट सांगतो सात वर्षांत टॉवर, ५०० फुटांचा फ्लॅट, फुटाला चाळीस हजारांच्या रेटने सरळ दोन कोटी. तोपर्यंत खोली १२ हजार भाड्याने द्यायची. प्रश्न एकच विचारलाय, की लालबाग-परळ अजून सुधारेल का, की जे व्हायचं ते होऊन गेलं?

सुधारेल. यात मला फार शंका नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यानंतर गिरणगाव वीस वर्षं नुसतं पडून होतं, त्याच गिरण्यांच्या जागी आज मॉल, ऑफिसं आणि टॉवर आहेत, बिल्डर लोकांनी तर लोअर परळला अप्पर वरळी म्हणायला सुरुवात केली. म्हणजे पडलेली वस्ती उठते, हे आपण डोळ्यांनी बघितलंय. फक्त ती कशी उठली तेही बघा. १९९१ चा नियम होता की गिरणीच्या जमिनीचा एक वाटा महापालिकेला, एक म्हाडाला (सरकारी गृहनिर्माण मंडळाला), एक मालकाला. २००१ ला त्यात बदल झाला की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची होणार, गिरणी पाडून मोकळी होणारी जमीन त्यात नाही, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. बहुतेक जमीन मालकांकडे राहिली. तुमच्या वडिलांसारख्यांच्या हातात त्यातलं काय आलं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. आणि जागेचे भाव चढले म्हणून रस्ते-पूल आपोआप रुंद होत नाहीत, सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या त्या अरुंद जिन्यावर चेंगरून २३ माणसं गेली, तेव्हा आजूबाजूच्या ऑफिसांची भाडी कुठल्या कुठे पोचली होती.

तर भाग सुधारेल. तुमच्या ६२ लाखांचं काय होईल हा वेगळा हिशोब आहे, तो पुढे करू. त्याआधी तुमच्या पत्रातली एक ओळ, जी तुम्ही अगदी जाता जाता लिहिलीय, "आईचे एफडीतले १६ लाख वापरीन, बाकी चार गेल्या वर्षी पॉलिसीत टाकलेत, दरवर्षी चार, पाच वर्षं." ती मी तीनदा वाचली.

अहो, ते सोळा लाख आधीच खर्च झालेत! गावची जमीन विकून आईंचे २० लाख आले, त्यातले ४ पहिल्या हप्त्यात गेले. उरलेले १६ म्हणजे तंतोतंत पुढचे चार हप्ते. तेच १६ लाख तुम्ही खोलीतही घालताय. दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे असं तुम्हीच लिहिलंय, तो कशातून भरणार? आणि तुमच्या आईंचं औषधपाणी, त्यांचा हातखर्च त्या व्याजावर चालायचा, २० लाखांवर सात टक्क्यांनी महिना साडेअकरा हजार पडत होते, ते आज सव्वानऊ झाले आणि तुमच्या प्लॅनमध्ये शून्य होतात. त्यांना हे कोणी समजावून सांगितलंय का?

आता पॉलिसी. बँकेतल्या मॅडमनी सांगितलं, पाच वर्षं चार-चार लाख भरा, बाराव्या वर्षाच्या शेवटी ३० लाख गॅरंटीड. ऐकायला २० चे ३० छान वाटतं. प्रत्यक्षात परतावा पडतो वर्षाला चार टक्क्यांच्या जरा वर, साध्या एफडीपेक्षा कमी. पैसे हातात येतील तेव्हा आई ७७ वर्षांच्या असतील. आणि ६६ वर्षांच्या माणसाचा आयुर्विमा कशासाठी, त्यांच्या कमाईवर घरात कोण अवलंबून आहे? विमा हवा होता तो तुमचा, तुम्ही ३९ चे, मागे बायको, मुलगी, आई, आणि तुमच्या पत्रात टर्म इन्शुरन्सचा उल्लेखच नाही. ते या महिन्यात करा, एक कोटीचा तरी, त्यावर आणखी लिहीत नाही.

मला या प्रकाराचा मनापासून राग येतो. जमीन विकलेले, रिटायर झालेले पैसे खात्यात दिसले की आठवड्याच्या आत फोन येतो, चहा येतो, आणि ज्या बाईला दर महिन्याला व्याज हवंय तिला बारा वर्षांची पॉलिसी विकली जाते. तिने सही केली ना, मग तिची जबाबदारी, असं वर ऐकवतात. सही कुठे करायची ते पेन्सिलने फुली मारून दाखवलेलं असतं.

काय करायचं ते सांगतो. पॉलिसी परत करायची ३० दिवसांची मुदत गेली, ठीक आहे. पॉलिसीचं बाड काढा, मागच्या बाजूला प्रपोझल फॉर्मची कॉपी जोडलेली असते, त्यात वार्षिक उत्पन्नाचा रकाना बघा. वर्षाला चार लाख हप्ता झेपतो असं दाखवायला तिथे पाच-सहा लाखांच्या पुढचा आकडा असणार, आणि आईंचं खरं उत्पन्न व्याज धरून दीड लाखाच्या आसपास. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलंय तेही बघा. असं काही निघालं तर चुकीचं सांगून विकल्याची लेखी तक्रार विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे करा, पैसे परत मागा, त्यांनी केलेल्या व्हेरिफिकेशन कॉलचं रेकॉर्डिंगही मागा. महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडे जायचं, तिथे फी नाही, वकील लागत नाही. बँकेला मात्र आजच लेखी कळवून हप्ता खात्यातून आपोआप कापणं बंद करा, नाहीतर तुम्ही तक्रार लिहीत असताना पुढचे चार लाख जातील.

आणि समजा तक्रारीतून काहीच हाती लागलं नाही, पॉलिसी मधेच बंद करून (सरेंडर) मिळतात तेही नगण्य मिळाले, अगदी ते चार लाख पूर्ण बुडाले असं धरा. तरी पुढचे चार हप्ते न भरता तीच रक्कम त्याच त्या तारखांना सात टक्क्यांच्या एफडीत टाकत गेलात तर बाराव्या वर्षाच्या शेवटी साडेतीस लाख होतात. पॉलिसी काय देणार होती? तीस. मग "भरलेले वाया जातील" म्हणून पुढचे भरू नका, प्लीज.

त्या सोळातले १५ लाख आईंच्या नावाने सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये ठेवा, पोस्टात किंवा बँकेत. सध्या ८.२ टक्के आहे, दर तिमाहीला ३०,७५० त्यांच्या खात्यात येतील, म्हणजे महिना सव्वादहा हजार, आणि एक लाख अडीअडचणीला बाजूला. त्या पैशांना तुम्ही हात लावायचा नाही.

आता खोली. ६२ लाखांची तुमची जुळवणी: तुमचे २० लाख, आईचे १६, बायकोच्या दागिन्यांवर ८, पर्सनल लोन १८. पर्सनल लोन का, तर पागडीच्या खोलीवर बँका होमलोन देत नाहीत. एवढ्यावरच थांबायला हवं होतं. होमलोनवाली बँक कागद बघून मागे सरते कारण तुम्ही मालकी विकत घेत नाही, भाडेकरूचा हक्क विकत घेताय, मालक दुसराच आहे आणि नाव बदलायला त्याची संमती आणि त्याचा वाटा लागतो. १८ लाख १३ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी म्हणजे ईएमआय ४१ हजार. दागिन्यांवरचं व्याज महिना साडेसहा. घरखर्च तुम्ही ४५ लिहिलाय. झाले साडेब्याण्णव, पगार ८५. शिकवण्यांचे पैसे धरून काठावर, आणि एक आजारपण आलं की संपलं.

बारा हजार भाडं येईल ना, असं म्हणाल. मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तर भाडे नियंत्रण कायद्याने तेच खोली खाली करून घ्यायचं कारण होतं. बरं, भाड्याने न देता कुलूप लावून ठेवू, तर कारण नसताना सहा महिन्यांहून जास्त बंद ठेवली तर तेही कारण होतं. म्हणजे खोलीत तुम्हाला स्वतःला राहायला लागेल, चौघांना १८० फुटांत, आणि डोंबिवलीचा फ्लॅट सोडून. हे एजंटने सांगितलं का?

५०० फूट हा आकडा त्याने कुठून आणला तेही सांगतो. तो बीडीडी चाळींचा आहे. तिथे जमीन सरकारची, काम म्हाडाचं, १६० फुटांच्या खोलीला ५०० फूट. ती योजना वेगळी. खाजगी मालकाच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणाऱ्या जुन्या) चाळीत नियम म्हणजे आहे तेवढी जागा, किमान ३०० फूट कार्पेट. बिल्डर वर काही देईल तर देईल, तो त्याचा आणि रहिवाशांचा सौदा, आज तुमच्या चाळीत बिल्डरच नाही. ३०० फूट धरा, एजंटच्याच चाळीस हजारांच्या रेटने १ कोटी २० लाख. आणि सात वर्षं? सरकार स्वतः करतंय त्या वरळी बीडीडीचं भूमिपूजन २०१७ ला झालं, पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. धारावीची योजना २००४ पासून रखडत आलीय. तुमच्या चाळीला बारा वर्षं धरू, तेही मी चांगलं धरतोय. ६२ चे १२० बारा वर्षांत म्हणजे वर्षाला पावणेसहा टक्केही नाही, आणि त्यासाठी तुम्ही १३ टक्क्यांनी कर्ज काढताय.

माझे एक क्लायंट आहेत, सत्तरीच्या पुढचे. त्यांची चाळ २०१२ ला पुनर्विकासासाठी रिकामी केली, बिल्डरकडून भाड्याचे चेक तीन वर्षं नीट आले, मग थांबले. ते दर वेळी एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन येतात, आत सगळ्या भाडेपावत्या रबरबँड लावून, आणि सगळ्यात वर शेवटचा न वटलेला चेक, बँकेच्या मेमोसकट स्टेपल केलेला. समोर ठेवतात आणि विचारतात, यावर काही करता येईल का. चाळीच्या जागी पत्रे लावलेत, आत झाडं वाढलीत. आजूबाजूचा परिसर मात्र भरपूर सुधारलाय, पलीकडच्या टॉवरमधले दर बघता त्यांना आता तिथे भाड्यानेही राहता येत नाही, ते कल्याणला राहतात.

आणखी दोन गोष्टी. २५ लाख रोख मागतायत असं लिहिलंय, अजिबात नाही, दोन लाख किंवा त्यावर रोख घेणं आयकर कायद्यातच बंद आहे आणि उद्या वाद झाला तर ते २५ तुम्ही दिलेच नाहीत असं होईल. दुसरं, "मोठ्या खोलीचं पार्टिशन करून" असा शब्द तुमच्या पत्रात आहे. १३ जून १९९६ नंतर केलेले नवे भाडेकरार पुनर्विकासात धरले जात नाहीत. पार्टिशन त्यानंतरचं असेल तर तुम्ही कदाचित अर्धी खोली विकत घेताय जी यादीत एक खोली म्हणून मोजलीच जाणार नाही. तेव्हा ही खोली नको. तुमचे २० लाख जिथे आहेत तिथे राहू द्या, त्यातले चार-पाच अडचणीसाठी वेगळे काढा.

वडिलांनी विकलेली खोली परत मिळवायची इच्छा मला कळते, पत्रात तुम्ही ती लिहिली नाहीत पण ओळीओळीत आहे. म्हणून एक विचारतो, जे तुम्ही विचारलेलं नाही. वडील १ जानेवारी १९८२ ला गिरणीच्या पटावर असतील तर गिरणी कामगारांच्या घरांसाठी ते पात्र होते, आणि त्यांच्यामागे वारस पात्र असतात. म्हाडाकडे दीड लाखाच्या वर अर्ज होते, २०१२ ला ६,९२५ घरांची लॉटरी निघाली, २०२० ला ३,८९४ घरांची, त्यातलं घर साडेनऊ लाखांना होतं. लॉटरी आहे, लागेलच असं मी म्हणत नाही, आणि आता जी घरं देऊ करतात ती बदलापूरच्याही पुढे, शेलू-वांगणीकडची आहेत. पण वडिलांनी फॉर्म भरला होता का, त्याची पावती, गिरणीचं तिकीट, हजेरीकार्ड, ईएसआयचं कार्ड काही आहे का? आईंना आज संध्याकाळीच विचारा, बहुतेक त्यांच्याच ट्रंकेत असेल.