गेममधल्या जहाजाला ऑटोपायलट असावा का?

प्रश्न: मुलगा जहाज चालवण्याचा गेम खेळतो. त्यात ऑटोपायलट असणं मला पळवाट वाटते. तुमचं मत?

उत्तर: ताई, ऑटोपायलट हवाच. मी २३ वर्षं जहाजावर होतो. भर समुद्रात दिवसरात्र कुणी चाक धरून बसत नाही. पण हे यंत्र नुसती दिशा राखतं. समोर मच्छीमारांची होडी आली तरी आपणहून वळत नाही! म्हणून गर्दीत, धुक्यात सुकाणू तत्काळ हाती घेता आलं पाहिजे, असा सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे. १९६७ साली ‘टोरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या सिली बेटांजवळ खडकावर चढलं. ऐनवेळी चाक फिरवलं, पण सुकाणू ऑटोपायलटकडून हाती घेण्याची कळ भलत्याच जागी, जहाज वळेना. गेममध्ये ती कळसुद्धा हवी.